उधळलेला घोडा : काढणाऱ्यासाठी आणि पाहणाऱ्यासाठी धडा



अक्षरे गिरवून गिरवून आपला हात आता वळला आहे. 'ह' ची शेपटी आपण काढतो. 'श' ची गाठ काढतो. ज्या हाताला 'ह' काढता येतो, त्या हाताला घोडाही काढता येतो. हात तोच, कोळसा तोच. फरक एवढाच, की अक्षर पुस्तकात पाहून काढतात आणि घोडा डोळ्यांनी पाहून काढतात.

आज आपण दोन गोष्टी शिकू. उधळलेला घोडा कसा काढावा, ही पहिली. कोणी काढलेले चित्र पाहून काय बोलावे आणि आपल्या चित्राविषयी कोणी बोलले तर ते कसे ऐकावे, ही दुसरी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. म्हणून तिला आम्ही जास्त जागा दिली आहे.

१. घोडा आपल्या ओळखीचा

आपल्या मंठ्याकडे घरोघरी बैल असत. घोडा मात्र क्वचित. तरी घोडा न पाहिलेला माणूस आपल्यात नाही. लग्नाच्या वरातीत तो दिसतो. मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर सामान लादलेले तट्टू जाताना दिसते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तिथे घोड्यांचा बाजार असतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेतही घोडे विकायला येतात. ज्यांना जमेल त्यांनी तिथे जाऊन घोडे पाहावेत. विकत घेतलेच पाहिजेत असे नाही. पाहायला पैसे पडत नाहीत.

हे सगळे पाळलेले घोडे. खरा रानटी घोडा आता जगात एकाच जातीचा उरला आहे. तो मंगोलिया देशातला. मधल्या काळात तो रानातून पार नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत थोडे उरले होते. त्यांची वाढ करून १९९२ सालापासून त्यांना पुन्हा रानात सोडले गेले.

पण पाळलेला घोडाही दावे तोडून चौखूर उधळला की रानटीच दिसतो. तोच आपण काढणार आहोत.

२. बैल आणि घोडा

नवा माणूस घोडा काढायला बसला की बहुधा बैल निघतो, फक्त शिंगे नसलेला. यात आश्चर्य नाही. बैल आपल्या डोळ्यांत बसलेला असतो. पोळ्याला मातीचे बैल आपण लहानपणापासून केलेले असतात. हात ओळखीच्या वाटेने जातो.

म्हणून आधी दोघांतला फरक पाहा.

बैलाला वशिंड असते. घोड्याला नसते. बैलाच्या गळ्याखाली पोळी लोंबते. घोड्याचा गळा खालून साफ असतो. बैलाची मान पुढे जाते. घोड्याची मान वर उठते. बैलाच्या शेपटीला टोकाशी गोंडा असतो. घोड्याच्या शेपटीचे केस मुळापासूनच लांब असतात. बैलाचा खूर दुभंगलेला, घोड्याचा अखंड. घोडा खरे तर एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख.

आणखी एक गंमत. घोड्याच्या मागच्या पायाचा मधला सांधा उलटा वाकलेला दिसतो. आपल्याला वाटते, याचा गुडघा उलटा कसा? तो गुडघा नव्हेच. ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. एवढे एक ध्यानात ठेवले तर मागचे पाय निम्मे जमले म्हणून समजा.

३. मापाने सुरुवात

सुतार लाकडाला हात लावण्याआधी माप घेतो. आपणही घेऊ. घोड्याचे माप घोड्याच्याच डोक्याने घ्यावे. कानापासून ओठापर्यंत जेवढी लांबी, ती एक काडी समजा. उभ्या घोड्याची छातीपासून ढुंगणापर्यंतची लांबी सुमारे अडीच काड्या भरते. खांद्याच्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंतची उंचीही सुमारे अडीच काड्या. म्हणजे मान आणि डोके सोडले तर घोडा जवळजवळ एका चौकोनात बसतो.

आता कोळसा घ्या. छातीसाठी एक गोल काढा. पुठ्ठ्यासाठी दुसरा गोल काढा. दोन्ही वरून पाठीच्या आणि खालून पोटाच्या रेघेने जोडा. छातीच्या गोलातून मान वर न्या. मान खाली रुंद, वर निमुळती. तिच्या टोकाला डोके. मग पाय. शेवटी आयाळ आणि शेपटी.

रेघ हलकी ठेवा. चुकली तर पुसू नका. शेजारी दुसरी ओढा. चार रेघांतली एक बरोबर असते, आणि ती कोणती हे पाहणाऱ्याला आपोआप कळते.

४. घोड्याचे मन कुठे दिसते?

इथपर्यंत घोडा झाला, पण तो लाकडाचा. त्यात जीव कसा आणावा?

घोडा बोलत नाही, पण सगळे सांगतो. त्याचे कान पाहा. कान टवकारून पुढे असले, तर त्याचे लक्ष समोर आहे. कान मागे मानेला चिकटवले, तर तो रागावला आहे. अशा वेळी शहाण्या माणसाने जवळ जाऊ नये. मागून काही वाजले तर कान तिकडे वळतात. नाकपुड्या फुलल्या असतील तर तो धावून आला आहे किंवा बिथरला आहे. डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला तर भ्याला आहे. शेपटी उंच उचलली असेल तर तो खुशीत किंवा मस्तीत आहे. एक मागचा पाय ढिला सोडून उभा असेल तर निवांत आहे.

म्हणून चित्र काढण्याआधी स्वतःला विचारा : माझा घोडा कशाने उधळला? वीज कडाडली म्हणून? दुसऱ्या घोड्याशी भांडण झाले म्हणून? की पाऊस पडून हवा गार झाली आणि अंगात वारे भरले म्हणून? तिन्ही घोडे धावतच आहेत. पण तिघांचे कान वेगळे, डोळे वेगळे, शेपट्या वेगळ्या.

आपल्या जवळचेच उदाहरण पाहायचे तर अजिंठ्याला जा. तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहलाच्या कथेच्या मोठ्या चित्रात हत्ती-घोड्यांचे सैन्य आहे. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे ते चित्र. ज्यांनी काढले त्यांची नावे राहिली नाहीत. घोडे राहिले.

५. धावणारे पाय

धावताना घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का? आणि सुटतात तर केव्हा? हा प्रश्न साधा वाटतो, पण फार काळ कोणाला नक्की सांगता येईना. पाय इतके झपाट्याने हलतात की डोळा हरतो. युरोपातले मोठमोठे चित्रकार धावणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय पुढे ताणलेले आणि मागचे पाय मागे ताणलेले काढत. जणू घोडा हवेत पोहतो आहे.

१८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने शर्यतीच्या वाटेवर ओळीने कॅमेरे मांडले. घोडा पुढे जाईल तसतसा एकेक कॅमेरा फोटो घेई. फोटो पाहिल्यावर उलगडा झाला. चारही पाय सुटतात, हे खरे. पण पाय ताणलेले असतात तेव्हा नव्हे. पाय पोटाखाली गोळा होतात, त्या क्षणी घोडा पूर्ण हवेत असतो.

मग जुनी चित्रे वाया गेली का? नाही. ती पाहून आजही वेगाचा भास होतो. चित्रकाराला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. घोडा असतो कसा, आणि घोडा वाटतो कसा. आधी असतो कसा हे शिकावे. मग वाटतो कसा ते मनाजोगे काढावे.

६. सासवण्याची भिंत

आता दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. चित्र काढले. पुढे काय? चित्र दुसऱ्याच्या नजरेस पडते आणि तो काहीतरी बोलतो. त्या बोलण्यावर पुष्कळ अवलंबून असते.

अलिबागजवळ समुद्रकाठी सासवणे नावाचे गाव आहे. तिथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. मुलाला चित्रांचा नाद. त्याने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. जिल्ह्याचे कलेक्टर ओटो रॉथफिल्ड यांच्या ते पाहण्यात आले. त्यांनी चित्र कोणाचे, हे विचारले. ते मुलाचे गुण ओळखून थांबले नाहीत. त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकायला पाठवण्याची खटपट केली.

त्या मुलाचे पुढे काय झाले? तो मोठा शिल्पकार झाला. १९२० साली शिक्षणासाठी विलायतेला गेला. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी शाळेच्या आवारात घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचा ब्राँझचा भव्य पुतळा आहे. १९२८ साली त्याचे अनावरण झाले. तो करमरकरांनी घडवलेला.

घोड्याचा पुतळा हे सोपे काम नव्हे. केवढे तरी धड, वर स्वार, आणि सगळा भार बारीक पायांवर! पाय जाड केले तर बैल होतो. बारीक ठेवले तर भार पेलत नाही. शिवाय तो घोडा महाराजांचा आहे, हे त्याच्या मानेकडे पाहून कळले पाहिजे. करमरकर १९६७ साली वारले. सासवण्याला त्यांच्या घरी त्यांची शिल्पे आजही पाहायला मिळतात.

आता विचार करा. देवळाच्या भिंतीवरचे ते चित्र पाहून कोणी म्हटले असते, "भिंत घाण केली, चुना मारा," तर? चुना मारायला घटकाभर पुरली असती.

७. पंढरपूरचा मुलगा

पंढरपूर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. तिथे १९१५ साली मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म झाला. लहानपणीच आई गेली. तरुणपणी मुंबईला येऊन सिनेमाच्या मोठमोठ्या जाहिराती रंगवून त्यांनी पोट भरले. पुढे ते जगभर गाजले ते त्यांच्या घोड्यांमुळे. त्यांचे घोडे मापात बसत नाहीत. मान पिळवटलेली, तोंड उघडे, पाय लांबच लांब. पण आठ-दहा फटकाऱ्यांत घोड्याची सगळी ताकद कागदावर उतरते. २०११ साली लंडनला ते वारले.

हुसेन यांच्या उमेदीच्या काळात, १९४७ च्या सुमारास, मुंबईत तरुण चित्रकारांचा एक गट होता. युरोपातून आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि रूडी फॉन लायडन हे दोन जाणकार या तरुणांची चित्रे पाहत. त्यांवर बोलत. लँगहॅमर यांच्या घरी या तरुणांची बैठक भरे. चित्रे मांडायची, पाहायची आणि मोकळेपणाने बोलायचे.

याच गटात सय्यद हैदर रझा होते. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. रझांची चित्रे पाहून पाहुण्याने सांगितले की हातात गुण आहे, पण चित्राची बांधणी कच्ची आहे. घर जसे पायापासून बांधतात तसे चित्रही बांधावे लागते. रझांना वाईट वाटले असेलही. पण त्यांनी ते बोलणे मनावर घेतले. ते फ्रान्सला गेले. चित्राची बांधणी शिकले. पुढे जगाने त्यांना मानले.

पाहुण्याच्या बोलण्यात काय होते, ते नीट बघा. गुण आहे, हे सांगितले. उणे कुठे, हे सांगितले. पुढे काय शिकावे, तेही सांगितले. नुसते "छान" म्हणून तो निघून गेला असता, तर रझांच्या पदरात काय पडले असते?

८. जोडे शिवणाऱ्याची गोष्ट

दोन हजार वर्षांहून जुनी एक गोष्ट सांगतात. ग्रीस देशात अपेलीस नावाचा चित्रकार होता. तो आपले चित्र बाहेर मांडून स्वतः मागे लपून बसे आणि लोक काय बोलतात ते ऐके. एकदा जोडे शिवणारा एक कारागीर म्हणाला, "जोड्याचा एक बंद कमी काढला आहे." अपेलीसने तो लगेच दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी तोच कारागीर पायाला नावे ठेवू लागला. तेव्हा अपेलीस बाहेर येऊन म्हणाला, "तू जोड्यापुरतेच बोल."

त्याच अपेलीसची दुसरीही गोष्ट आहे. घोडा कोणाचा चांगला, अशी चित्रकारांत पैज लागली. माणसे लबाडी करतील म्हणून त्याने खरे घोडे आणवले आणि त्यांना चित्रे दाखवली. त्याच्याच चित्राकडे पाहून घोडे खिंकाळले!

आमचे मत थोडे वेगळे आहे. जोडेवाल्याला पायाविषयीही बोलू द्यावे. ऐकायला काय जाते? फक्त कोणाचे कोणते बोलणे किती वजनाचे, हे आपण तोलावे. ज्याने घोडा पाळला आहे, त्याचे पायाविषयीचे बोलणे भारी. चित्रकलेच्या मास्तरांचे रेघेविषयीचे भारी. आणि घोडा भ्यालेला दिसतो की नाही, हे विचारायचे तर लहान मुलाला विचारावे. ते तोंडदेखले बोलत नाही.

९. बोलावे कसे, ऐकावे कसे

समजा, एका बाईने घराच्या भिंतीवर गेरूने घोडा काढला. दीर आला. म्हणाला, "वहिनी, हे काय गाढव काढलं व्हय?" सगळे हसले. बाईने ओल्या फडक्याने भिंत पुसली. संपले.

आता तोच दीर, तीच भिंत. पण बोलणे वेगळे.

"वहिनी, घोडा लई जोरात पळायलाय. मानेत जोर हाय. तुमाला भ्यालेला दाखवायचा व्हता का मस्तीतला?"

"भ्यालेला, भाऊजी. मागं वीज कडाडली अन् उधळला, असा."

"मग कान बघा की. कान पुढं हायेत. आवाज मागून आला तर कान मागं वळतील."

"खरंच की! अन् डोळा?"

"डोळ्याचं पांढरं थोडं दिसू द्या."

बाईने पहिला घोडा तसाच ठेवला. शेजारी दुसरा काढला. दुसरा खरोखर भ्यालेला निघाला.

दोन्ही वेळा दिराला घोडा पसंत नव्हता. पहिल्या वेळी त्याने माणसाला हसले. दुसऱ्या वेळी तो चित्रावर बोलला. यातले सूत्र असे :

पाहणाऱ्यासाठी.
१. आधी गप्प राहून पाहावे.
२. काय दिसते ते सांगावे. "चांगले", "वाईट" मागाहून.
३. काय दाखवायचे होते, ते विचारावे.
४. एका वेळी एकच उणे सांगावे, तेही बोट ठेवून.
५. दुसऱ्याच्या हातातला कोळसा आपण घेऊ नये. सुधारायचे ते त्याने सुधारावे.

काढणाऱ्यासाठी.
१. लगेच सबब सांगू नये. आधी पुरते ऐकावे.
२. कोणी नुसते "छान" म्हटले तर विचारावे, "काय छान वाटले?" कोणी "बिघडले" म्हटले तर विचारावे, "कुठे?"
३. तिघांनी एकाच जागी बोट ठेवले तर तिथे काहीतरी उणे आहे. उपाय तिघे तीन सांगतील. उपाय आपण शोधावा.
४. जुने चित्र पुसू नये. त्यावर तारीख घालून ठेवावे. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहावी.
५. कोणी नुसते हसले, तर त्यात शिकण्यासारखे काही नसते. ते सोडून द्यावे.

आम्ही हे घोड्यापुरते सांगत नाही. वाचन-वर्गात मोठी माणसे शिकायला येतात. कोणी अडखळत वाचतो. कोणाचे 'क्ष' उलटे निघते. एकदा का बाकीचे फिदीफिदी हसले, की तो माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. "रानात काम होतं" म्हणतो. काम नसते. हसणे मनाला लागलेले असते. पोरांचेही तसेच. पोरगा पाटीवर काही काढतो, आपण म्हणतो, "हे धंदे सोड, उजळणी म्हण." उजळणी म्हणायलाच हवी. पण त्याआधी क्षणभर पाटीकडे पाहून, "काय काढलंस रे?" एवढे विचारायला काय हरकत आहे?

शब्दांचे अर्थ

चौखूर उधळणे – चारही पायांनी बेफाम पळणे
आयाळ – मानेवरचे लांब केस
पुठ्ठा – जनावराचा मागचा मांसल भाग
बिथरणे – भिऊन बेताल होणे
अनावरण – पुतळ्यावरचा पडदा दूर करण्याचा समारंभ
सबब – कारण, निमित्त

प्रश्न

१. बैल आणि घोडा यांतले चार फरक सांगा.
२. घोडा रागावला आहे हे कानांवरून कसे ओळखाल?
३. १८७८ सालच्या फोटोंनी कोणती गोष्ट उघड केली?
४. कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांना कोणत्या तीन गोष्टी सांगितल्या?
५. जोडे शिवणाऱ्याला अपेलीसने जे उत्तर दिले, ते तुम्हाला पटते का? का?

करून पाहा

चुलीतला थंड कोळसा आणि वहीचे पाठकोरे पान घ्या. तीन घोडे काढा : भ्यालेला, रागावलेला आणि निवांत. खाली नाव लिहू नका. पाने वर्गात भिंतीला लावा. कोणता घोडा कोणता, हे दुसऱ्यांनी ओळखावे. न ओळखला तर कान, डोळा आणि शेपटी पुन्हा पाहा, आणि शेजारी नवा काढा. पुढच्या आठवड्यात दोन्ही पाने बरोबर आणा.